दहापैकी दहा देऊन बसलात, आणि गाडी थरथरतेच आहे

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

२०२४ च्या दसऱ्याला साडेचौदा लाखांची एसयूव्ही घेतली. शहरात चालवताना काही जाणवत नाही. पण डिसेंबरात समृद्धीवरून नागपूरला सासुरवाडीला निघालो आणि ९५ च्या पुढे स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. सीटखालूनही कंप येतो. ११० च्या वर गेलं की जरा कमी होतं. परत आल्याबरोबर वर्कशॉपला दाखवली. तेव्हापासून चार वेळा दिली, चारही वेळा बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून परत मिळाली. सर्व्हिस ॲडव्हायझर पोरगा गुणी आहे. ‘फीडबॅकचा फोन आला की दहापैकी दहा द्या सर, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात’ म्हणतो, म्हणून देतो बापडा. शेवटी कंपनीचा इंजिनिअर आला, शेजारी बसून एक चक्कर मारली आणि म्हणाला, ‘सर, ये इस मॉडेल का नेचर है.’ मी कंपनीला मेल केली. पाच महिन्यांपूर्वी उत्तर आलं की तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे, लवकरच कळवतो. त्यानंतर सामसूम. वॉरंटीचे चार महिने उरलेत. व्हॉट्सॲपवर आम्ही हीच गाडी, हाच त्रास असलेले ३८ जण आहोत. एक म्हणतो, गाढवं जुंपून गाडी शोरूमपर्यंत ओढत नेऊ. एक म्हणतो, सरळ कोर्ट. बाकीचे म्हणतात, कंपनी सोल्यूशन काढतेय, थांबा. बायको म्हणते, विकून मोकळे व्हा. काय करू?
– थरथरता नाशिककर

नमस्कार नाशिककर,

गाढवांकडे नंतर येऊ. आधी ते दहापैकी दहा.

तुम्ही ते भिडेखातर दिलेत, कळतं मला. पोरगा समोर उभा, पगार तुटपुंजा, महिनाअखेरचं टार्गेट डोक्यावर. आपल्याच्यानं नाही म्हणवत नाही. पण कंपनीच्या मुख्यालयात बसलेल्या माणसाला ना तुमचं स्टिअरिंग दिसतं ना तुमचा चेहरा. त्याच्या पडद्यावर तुमच्या गाडीच्या नंबराखाली एवढंच असतं: गाडी आली, बॅलन्सिंग केलं, गाडी दिली, ग्राहक समाधानी, १०/१०. असं चारदा. त्याच्या पाठोपाठ तुमची चिडलेली मेल येते. त्याच्या जागी मी असतो तर मीही ती ‘संबंधित विभागाकडे’ ढकलून चहाला गेलो असतो. उद्या प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेलं, तर कंपनीचा वकील सगळ्यात आधी हीच नोंद बाहेर काढेल, आणि ती तुमच्याच तोंडची असेल.

तेव्हा आज संध्याकाळी गाडीच्या खणातून चारही जॉब कार्डं काढा. ‘डिमांडेड रिपेअर’ किंवा ‘कस्टमर व्हॉइस’ नावाचा रकाना असतो, तो वाचा. पैज लावतो, निदान दोन कार्डांवर ‘जनरल चेकअप’ नाहीतर नुसतं ‘व्हील बॅलन्सिंग’ लिहिलेलं असेल. तुम्ही तक्रार घेऊन गेलात. कागद म्हणतो, हे गृहस्थ बॅलन्सिंग करून घ्यायला आले होते, करून दिलं. आजाराच्या जागी औषधाचं नाव लिहिलं की आजार कुठे नोंदलाच जात नाही.

खरं तर या दुखण्याला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. थरथर हाताला कळते. धडधड बुडाखाली. घरघर आणि गुरगुर कानाला. हिसका निराळा, हादरा निराळा, खडखड त्याहून निराळी. जुना मेकॅनिक यातला नेमका शब्द ऐकूनच अर्धा शोध संपवायचा. काउंटरवर मात्र या सगळ्यांचं एकच होतं, ‘व्हायब्रेशन’, आणि त्याच्यावर एकच उतारा, बॅलन्सिंग.

पुढच्या वेळी गाडी द्याल तेव्हा तो रकाना तुम्ही सांगाल तसा भरून घ्या. म्हणजे असा: ‘सपाट काँक्रीट रस्त्यावर, सहाव्या गिअरमध्ये, ९५ ते ११० वेगात स्टिअरिंगला थरथर, ड्रायव्हर सीटखाली कंप. एसी बंद केल्यानं फरक नाही. ब्रेक मारताना वाढत नाही. ११५ ला कमी. हीच तक्रार आधी चार वेळा दिली आहे.’ त्यात ‘एसी’ आणि ‘ब्रेक’ मी उगाच घातलेलं नाही, स्वतः बघून जे खरं असेल तेच लिहा. वर्कशॉप मॅनेजरला शेजारी बसवून रोड टेस्ट करा आणि त्याला जे जाणवलं ते त्याच्याच हातानं कार्डावर लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना सहीसाठी कागद पुढे करतात, त्यावर तुमचं समाधान छापलेलंच असतं. सहीच्या वर ‘तक्रार कायम’ एवढे दोन शब्द लिहा आणि फोटो काढा. गाडी सोडणार नाहीत अशी भीती वाटते, पण सोडतात. आणि फीडबॅकचा फोन आला की सांगा: पोराच्या वागण्याला दहा, गाडीला शून्य.

आता एक कबुली देतो, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील. काही वर्षांपूर्वी गणपतीत कोकणात जाऊन आलो आणि माझी गाडी ८० ला थरथरायला लागली. नुकतीच सर्व्हिसिंग झालेली. मी तीन आठवडे वर्कशॉपच्या नावानं खडे फोडले, दोन खरमरीत पत्रं लिहिली, मेहुण्यासमोर कंपनीचा उद्धार केला. शेवटी कोपऱ्यावरच्या टायरवाल्यानं चाक काढलं, आतल्या बाजूला बोटानं टकटक केलं आणि स्क्रूड्रायव्हरनं तांबड्या मातीचा एक वाळलेला पोपडा पाडला. ओंजळभर होता. पन्नास रुपये घेतले आणि हसला नाही, हे त्याचे उपकार.

ओंजळभर माती कशाला, २० ग्रॅम पुरतात. हिशोब सोपा आहे. तुमच्या गाडीच्या मापाचं चाक १०० च्या वेगात सेकंदाला सुमारे १३ फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम कमीजास्त असले, तरी त्या वेगाला चाक सुमारे तीन किलोच्या जोरानं ओढलं जातं, सेकंदाला तेरा वेळा, कधी वर कधी खाली. हा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ५० ला तोच पाऊण किलोवर येतो, म्हणून कॉलेज रोडवर तुम्हाला काही कळत नाही. आणि ११० नंतर कंप कमी का होतो? पाळण्याला त्याच्या ठेक्यात झोका दिला तर तो चढत जातो, ठेका सोडून दिला तर नाही. सस्पेन्शनचाही असा एक ठेका असतो. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय चाकांवर आहे, इंजिनवर नाही. पण संशयच.

दहा वर्षांपूर्वी असे दोष कुणाला कळलेही नसते. सिन्नर-शिर्डी रस्त्यावर ९५ ला गाडी सलग पाच मिनिटं चालवायची सोय कुठे होती? खड्ड्यांनी लपवलेलं समृद्धीनं उघडं पाडलं.

तर आता तपास. रिकामा रस्ता बघून १०० चा वेग सहाव्या गिअरमध्ये धरा, मग पाचव्यात. वेग तोच, इंजिनचे फेरे मात्र वेगळे. थरथर जशीच्या तशी राहिली तर दोष चाक, टायर, हब यांच्याकडे. बदलली किंवा दुसऱ्या वेगाला सरकली तर इंजिन, क्लच, माउंटिंग. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल तर ड्राइव्हशाफ्टचे सांधे बघायला सांगा. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क. सगळ्याचा व्हिडिओ शेजारच्यानं काढायचा, तुम्ही नाही. स्पीडोमीटर आणि कपहोल्डरमधली अर्धी भरलेली पाण्याची बाटली एका फ्रेममध्ये येऊ द्या. ९० ला पाणी शांत आणि १०० ला त्यावर लाटांची जाळी, हे दिसलं की ‘आपको वहम है’ म्हणायची सोय राहत नाही.

दुसरा तपास मला जास्त आवडतो, आणि तो फक्त तुम्हा ३८ जणांनाच जमेल. ग्रुपवर विचारा, याच मॉडेलची अजिबात न थरथरणारी गाडी कुणाच्या ओळखीत आहे का. असेलच. एका रविवारी सकाळी दोन्ही गाड्या एका टायरवाल्याकडे न्या आणि चारही चाकांची अदलाबदल करा. रिमसकट. तासाभराचं काम. मग दोन्ही गाड्या हायवेला काढा. थरथर चाकांबरोबर त्या गाडीत गेली तर चोर सापडला. तुमच्याच गाडीत राहिली तर चाकं सुटली आणि हब, शाफ्ट, सस्पेन्शन उरलं. पाच महिन्यांत कंपनीनं जे केलं नाही ते तुम्ही नाश्त्याच्या आत केलेलं असेल. दोन्ही गाड्यांचे फोटो, किलोमीटर, तारीख, टायरवाल्याचं बिल, सगळं ठेवा. चाकं परत बसवताना नट न्यूमॅटिक गननं धाडधाड आवळू देऊ नका; आधी हातानं, मग समोरासमोरचे, शेवटी टॉर्क रेंचनं.

चाकंच दोषी ठरली, तर पाचवं बॅलन्सिंग करून घेऊ नका. चारदा बॅलन्स करून न गेलेली थरथर पाचव्यांदा जात नसते. बॅलन्सिंगचं मशीन फक्त वजन बघतं. टायर वजनाला समतोल पण आकाराला थोडा अंडाकृती असू शकतो, किंवा एका जागी जास्त कडक. रिम वाकलेली असू शकते. त्यासाठी रिमला डायल गेज लावून फिरवून तिचा डगमगाट, म्हणजे ‘रनआउट’, मोजावा लागतो, आणि टायरवर रोलर दाबून मोजणारं ‘रोड फोर्स’चं मशीन असतं. हे दोन शब्द मेलमध्ये लिहा, समोरचा जरा सावरून बसतो. टायरच्या बाजूवर ‘डॉट’च्या ओळीतले शेवटचे चार आकडेही टिपून ठेवा. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. टायरची वॉरंटी बहुतेक वेळा टायर कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नाही, पुस्तिकेत बघा. ‘ते टायरवाल्यांना विचारा’ हे उत्तर आलं तर चकित होऊ नका, आणि त्यावर समाधानही मानू नका. तुम्ही गाडी विकत घेतली होती, चार टायर आणि एक सांगाडा नाही.

‘मॉडेल का नेचर’ या वाक्यानं तुम्ही खचलात असं पत्रावरून वाटलं. उलट आहे. त्या इंजिनिअरनं दोन गोष्टी कबूल केल्या: थरथर आहे, आणि ती तुमच्या चालवण्यानं आलेली नाही. हे त्यानं तोंडी म्हटलं, म्हणून घरी येऊन त्याच दिवशी मेल टाकायला हवी होती: ‘आज आपल्या इंजिनिअरनी गाडी चालवून पाहिली व हा मॉडेलचा स्वभाव असल्याचं सांगितलं. हे कंपनीचं अधिकृत मत आहे का, कळवावं.’ अजूनही टाका, भेटीची तारीख घालून. ‘हो’ म्हणणं त्यांना परवडत नाही आणि ‘नाही’ म्हटलं तर दुरुस्ती करावी लागते. हाताशी गाडीचं माहितीपत्रक असेल तर जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत विक्रेत्यानं जो दर्जा सांगितला त्यातली उणीवही येते. ‘पाणी हलणार नाही अशी केबिन’ छापाची जाहिरात करणाऱ्यांना मग स्वभाव सांगता येत नाही.

हाच खेळ ऑस्ट्रेलियात झालेला आहे. फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या गाड्या हिसके द्यायच्या, थरथरायच्या. तक्रार घेऊन गेलेल्यांना काही वेळा सांगितलं गेलं की तुमची चालवण्याची पद्धत चुकते. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं फोर्डच्या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. लक्षात घ्या, दंड गिअरबॉक्स बिघडला म्हणून नव्हता. बिघाड माहीत असताना ग्राहकांना ज्या तऱ्हेनं वागवलं त्यासाठी होता. आपल्याकडे एवढा दंड लागेल असं म्हणत नाही. पण बिघाडाइतकंच उत्तर न देणं हेही मोजलं जातं, एवढ्यासाठी सांगितलं.

आता ‘थांबा’ म्हणणाऱ्यांबद्दल. ते चुकीचे नाहीत; कंपनी खरंच काहीतरी करत असेल. नवीन पार्ट बनवून तपासायला महिने लागतात हेही खरं. पण तुम्ही थांबलात म्हणून घड्याळ थांबत नाही, आणि इथे घड्याळं दोन आहेत. एक वॉरंटीचं, दसऱ्याच्या आसपास संपणारं. दुसरं कायद्याचं: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. तुमचं कारण डिसेंबर २०२४ चं धरलं तर मुदत डिसेंबर २०२६ मध्ये सरते. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण ती मागावी लागते आणि ‘कंपनी कळवतो म्हणाली होती’ हे कारण पुरेलच असं नाही. आधी कागद करा, मग खुशाल थांबा.

कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि डीलरला, दोघांनाही, स्पीड पोस्टानं पोच घेऊन आणि मेलनंही एकच पत्र पाठवा. मी असतो तर एवढंच लिहिलं असतं:

‘माझी गाडी, चासी क्रमांक अमुक. पहिली तक्रार डिसेंबर २०२४ (तारीख टाका), तेव्हा किलोमीटर इतके. त्यानंतर तीन वेळा तीच तक्रार. जॉब कार्डांच्या प्रती सोबत. दोष कायम आहे. फीडबॅकमध्ये दिलेले गुण कर्मचाऱ्याच्या सौजन्याचे होते, दुरुस्तीचे नव्हते. सोबत अदलाबदल चाचणीचा तपशील. रिमचा रनआउट व टायरची रोड फोर्स तपासणी माझ्यासमोर करून आकडे लेखी द्यावेत. वॉरंटीच्या काळात नोंदलेला हा दोष निघेपर्यंत वॉरंटीत धरल्याचं लेखी कळवावं. १५ दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा आयोगाकडे जाईन.’

‘मनस्ताप’, ‘विश्वासघात’, ‘माझी आई गाडीत बसायला घाबरते’ हे शब्द या पत्रात नकोत. ते खरे आहेत, पण त्यांना वर्कशॉपमध्ये मोजता येत नाही. पत्राबरोबरच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फुकट आहे. तिथून प्रत्येक वेळी काम होतं असं नाही, पण नोंद क्रमांक मिळतो.

दोघांना पत्र का, तेही सांगतो. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरनं दोन वर्षं जुनी, आधीच चाललेली गाडी नवी म्हणून दिली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये न्यायालयानं म्हटलं की डीलरच्या या करणीची माहिती कंपनीला होती हे दाखवल्याशिवाय कंपनीला जबाबदार धरता येत नाही. बनावटीतला दोष कंपनीचा, दुरुस्तीतली हयगय डीलरची. कोण कशाचं देणं लागतं ते पहिल्या पत्रापासून वेगळं लिहा.

ग्रुपचं म्हणाल तर ३८ जणांनी रोज दोनशे मेसेज टाकण्यापेक्षा एक तक्ता करा. गाडी कोणत्या महिन्यात बनली, टायर कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या आठवड्याचे, थरथर कोणत्या वेगाला, हाताला की सीटला, किती किलोमीटरला सुरू झाली, जॉब कार्ड आहे का. एक संध्याकाळ लागेल. त्यात एखादा रकाना बोलायला लागतो. समजा थरथरणाऱ्या बहुतेक गाड्यांवर एकाच बनावटीचे टायर निघाले, तर तुमच्या हातात कंपनीपेक्षा चांगलं उत्तर आलं. आणि काहीच जुळलं नाही, तर तुमचा ३८ जणांचा एक दोष नसून सात-आठ वेगवेगळे दोष आहेत, हेही आत्ताच कळलेलं बरं.

ते एवढ्यासाठी की ‘सगळे मिळून केस’ करायची तर हिताची समानता दाखवावी लागते. समान हित असलेल्या सगळ्या ग्राहकांच्या वतीनं एकानं किंवा काहींनी तक्रार करायची तर आयोगाची परवानगी लागते. मोजक्या जणांनी आपापल्यापुरती एकत्र तक्रार करणं वेगळं; सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये, फ्लॅटच्या एका प्रकरणात, हा फरक स्पष्ट केला आहे. माझं मत विचाराल तर पाच-सहा पक्के कागद असलेल्यांनी पुढे व्हावं. ३८ जणांची मोट बांधाल तर पहिल्या तारखेपर्यंत नऊ उरतील, आणि त्यातले दोघं सेटलमेंट करून ग्रुप सोडून जातील.

रिकॉलचं ग्रुपवर कुणीतरी बोललं असेलच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं सरकारला गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार मिळाला, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाडीचा मालक परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो. पण तिथे दोष धोक्याचा असावा लागतो आणि ठरावीक प्रमाणात तक्रारी याव्या लागतात. नुसती थरथर कंपनी ‘आरामाचा प्रश्न’ म्हणून उडवून लावेल. नोंदवा जरूर, सगळ्यांनी, पण त्याच्या आशेवर बसू नका. ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’ हा शब्दही कुणी फेकेल. ती वस्तूमुळे माणसाला किंवा दुसऱ्या मालमत्तेला झालेल्या हानीसाठी आहे, खुद्द वस्तूच्या नुकसानीसाठी नाही.

कोर्ट म्हणणाऱ्याला सांगा, कोर्ट नव्हे, आयोग. नाशिकमध्येच. ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोग पुरतो, तुमच्या किमतीला फी ४०० रुपये, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही. कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. निकाल तीन महिन्यांत, गाडी तपासायला पाठवली तर पाच, असं कायदा म्हणतो. कायद्याला म्हणू दे, तुम्ही वर्ष-दोन वर्षं धरून चला.

आणि नवी गाडी मिळेल या हिशोबानं जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं २००६ सालीच एका प्रकरणात सांगितलं आहे की वॉरंटी पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल तर अख्खी गाडी बदलून द्या म्हणता येत नाही. २०१० च्या आगेमागे इंजिनच्या आवाजाच्या एका प्रकरणात मात्र न्यायालयानं स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगून, मूळ बनावटीत दोष निघाला तर पैसे परत, अशी वाट ठेवली. सगळं घोडं त्या तज्ज्ञाच्या अहवालाशी अडतं. तेव्हा तक्रारीतच मागणी करा की गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत आवाज आणि कंपन मोजणारा विभाग आहे. तुम्ही ‘फार थरथरते हो’ म्हणणं आणि एखाद्या अहवालात ‘१३ हर्ट्झला शिखर’ (म्हणजे सेकंदाला तेरा कंपनांवर सगळ्यात जास्त थरथर) लिहिलेलं असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. योगायोगानं तो आकडा चाकाच्या फेऱ्यांशी जुळला, तर वकिलालाही फारसं बोलावं लागणार नाही.

मधेच कंपनी ‘गुडविल’ म्हणून काही देऊ करेल: चार नवे टायर, वाढीव वॉरंटी. घ्यायला लाजू नका, बरेचदा दुखणं तिथेच संपतं. फक्त बरोबरच्या कागदावर ‘सर्व हक्क सोडले’ असं लिहिलेलं नाही ना, ते दोनदा वाचा, आणि सही करण्याआधी समृद्धीवर एक चक्कर मारून या.

गाढवं. हे आपल्याकडे अनेकदा झालंय, पेपरात फोटो येतो, दोन दिवस मजा. पण शोरूमच्या दारातला डीलर कंपनीचा माणूस नसतो, आणि उद्या दुरुस्ती त्याच्याच वर्कशॉपमध्ये करून घ्यायचीय. शिवाय गाढवं ओढतायत म्हटल्यावर पाहणाऱ्याला वाटतं गाडी सुरूच होत नाही. तुमची तर १२० ला पळते. लिहायचंच असेल तर तारखा, जॉब कार्डं आणि बाटलीचा व्हिडिओ टाका. ‘चोर’, ‘लुटारू’ लिहाल तर नोटीस तुम्हालाच येईल आणि ती पाच महिने घेणार नाही.

वहिनींचं म्हणणं मी शेवटी ठेवलं, कारण ते सगळ्यात शहाणपणाचं आहे, फक्त वेळ चुकतेय. आत्ता विकलीत तर तपासायला गाडीच उरत नाही, आणि घेणाऱ्याला थरथर सांगितली तर भाव पडतो, लपवली तर तोच फोन तुम्हाला येतो. चाकांची अदलाबदल होईपर्यंत तरी त्यांना थांबायला सांगा. त्यांना बरोबरच न्या. व्हिडिओ कुणीतरी काढायचाच आहे, आणि कंप प्रत्यक्ष किती आहे ते शेजारच्या सीटवरच्या माणसाला तुमच्यापेक्षा नीट कळतं.

पाऊस धरायच्या आधीचा रविवार गाठा. ओल्या रस्त्यावर १०० ची चाचणी करायची नाही. आणि चाकं निघालीच आहेत तर आतल्या बाजूनं बोटानं एकदा टकटक करून बघा.